सस्पेन्स खात्यातील मुले

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. माझ्या मावसबहिणीच्या मुलाच्या शाळेत निरोप समारंभ होता आणि तिच्या आग्रहावरून मीही गेलो होतो. शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची. अठरा वर्षे पूर्ण झालेली सात मुले त्या दिवशी शाळा सोडणार होती. लहान मुलांनी गाणे म्हटले, प्रत्येकाला गुलाबाचे फूल आणि भिंतीवरचे एक घड्याळ मिळाले. मुख्याध्यापिका बाईंनी प्रत्येकाविषयी दोन कौतुकाचे शब्द सांगितले. माझ्या भाच्याबद्दल त्या म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीनंतर साठ डबे एकत्र होतात. कोणत्या डब्याचे कोणते झाकण, हे याला कधी विचारावे लागले नाही." सगळे हसले, टाळ्या वाजल्या.

समारंभ संपल्यावर बटाटेवडे आणि चहा होता. सातही मुलांच्या आया एका कोपऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्यापैकी कोणीच काही खात नव्हते. मी बहिणीजवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, "दादा, अकरा वर्षं सकाळी साडेसातला रिक्षा यायची. सोमवारपासून ती येणार नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही. जूनमध्ये तिच्या घरी गेलो तेव्हा कळला. भाचा अजून सहाला उठत होता. आंघोळ करून, शाळेचा गणवेश घालून साडेसातला गॅलरीत उभा राहत होता. बहिणीने अखेर गणवेश माळ्यावर टाकला, तेव्हा त्याने उभे राहणे थांबवले आणि टीव्हीसमोर बसू लागला. दिवाळीपर्यंत त्याचे वजन वाढले, बोलणे कमी झाले आणि अकरा वर्षांत शिकलेल्या काही गोष्टी तो विसरू लागला. शर्टाची बटणे लावायला त्याला पुन्हा आई लागायला लागली.

चौतीस वर्षे बँकेत काढलेला मी माणूस. माझ्या डोक्यात प्रश्न आला तो असा : या मुलाची फाईल आता कोणाच्या टेबलावर आहे?

बँकेत एक खाते असते, त्याला आम्ही 'सस्पेन्स' म्हणतो. एखादी रक्कम आली, पण ती नेमकी कोणाच्या नावे जमा करायची हे कळत नसेल, तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची. 'तात्पुरती' हा शब्द येथे महत्त्वाचा. तपासनीस शाखेत आला की ज्या नोंदी तो आधी काढून बघतो, त्यांत सस्पेन्स खात्यातल्या जुन्या नोंदी असतात, आणि ही रक्कम इतके महिने येथे का पडून आहे, असे विचारतो. त्या प्रश्नाच्या भीतीने आम्ही नोंदी मार्गी लावत असू.

आपल्याकडे शाळा संपलेली अपंग मुले अशीच सस्पेन्स खात्यात पडलेली आहेत. शाळेच्या वहीतून त्यांची नोंद निघाली आहे आणि कामाच्या वहीत ती चढलेली नाही. फरक इतकाच की हे खाते तपासायला कोणी तपासनीस येत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे कोणी समजू नये. आपल्याकडे कायदे चांगले आहेत. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधीचा कायदा केला आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. त्या वेळी अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने, जो एप्रिल २०१७ पासून लागू झाला, प्रकार एकवीस झाले आणि राखीव जागा चार टक्के झाल्या. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार यांना आरक्षणात प्रथमच वाटा मिळाला. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. खासगी कंपन्यांत निदान पाच टक्के कर्मचारी अपंग असावेत म्हणून सरकारने त्यांना उत्तेजन द्यावे, असेही कलम आहे.

न्यायालयेही मागे नाहीत. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला आणि अपंगाला काम करता यावे म्हणून परिस्थितीत योग्य तो फेरफार करणे ही मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे, हे स्पष्ट केले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अंध व्यक्तीला न्यायाधीशपदाची वाट केवळ अंधत्वामुळे बंद करता येणार नाही असे सांगितले. आपल्या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. 'अपंग' हा शब्द मागे पडून 'दिव्यांग' आला. माझ्या पिढीच्या तोंडी जुनाच शब्द बसलेला आहे, त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

आता या सगळ्यात अठराव्या वर्षाकडे पाहा. शिक्षणाचा हक्क अठराला संपतो. नोकरीचे आरक्षण कचेरीच्या दारात सुरू होते. शाळेच्या फाटकापासून कचेरीच्या दारापर्यंतचे अंतर कोणी चालवत न्यायचे, हे कोणत्याही एका माणसाच्या कामाच्या यादीत नाही. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. आयटीआय कौशल्य विकास विभागाकडे. अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयात, म्हणजे आरोग्य विभागात. निराधार योजनेचे अनुदान तहसील कचेरीत. एसटीची सवलत आणखी वेगळीकडे. बँकेत एका कामासाठी ग्राहकाला पाच खिडक्यांवर फिरवले तर तो शाखाधिकाऱ्याच्या केबिनमध्ये येऊन ओरडतो. या मुलांच्या आया ओरडत नाहीत. त्या सहावी खिडकी शोधत राहतात.

आकड्यांचा एक चमत्कार सांगण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातल्या. २०१८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने अपंगांच्या रोजगाराची पाहणी केली. तीत पंधरा वर्षांवरील अपंगांमधील बेरोजगारीचे प्रमाण निघाले अवघे ४.२ टक्के. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की चिंतेचे कारण नाही. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा शेजारी ठेवला की खरे चित्र दिसते. काम करणारे आणि काम शोधणारे अशा दोघांची बेरीज केली तरी ती शंभरात चोवीसपर्यंतही पोहोचत नव्हती, २३.८ टक्के होती. म्हणजे उरलेली शहात्तर माणसे बेरोजगारसुद्धा नव्हती. बेरोजगार ठरण्यासाठी काम शोधावे लागते. ही माणसे रांगेतच उभी नव्हती. काही वृद्ध असतील, काही आजारी, काही अजून शिकत असतील. पण माझ्या भाच्यासारखे किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. बेरोजगारांच्या मोर्चातही ज्यांना जागा नाही अशी ही माणसे आहेत.

ती रांगेपर्यंत का पोहोचत नाहीत? माझ्या मते कारणे तीन आहेत आणि तिन्हींत वाईट हेतू कोणाचाच नाही.

पहिले कारण शाळेत आहे. आपण या मुलांना सवलती देतो, आणि त्या दिल्याच पाहिजेत. परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, लेखनिक मिळतो. कर्णबधिर मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट घेता येते. परंतु प्रत्येक सवलतीच्या पाठीमागे पुढचे एक दार असते आणि ते उघडे राहील की बंद होईल, हे त्या वेळी पालकांना कोणी समजावून सांगत नाही. इंग्रजी सोडलेली कर्णबधिर मुलगी उत्तम गुणांनी दहावी होते आणि पुढे नोकरीचा अर्ज, संगणकाचा पडदा, नेमणुकीचे पत्र हे सारे इंग्रजीतच तिच्यापुढे येते. इंग्रजी घे किंवा सोड, काहीही चालेल. पण पुढे काय करायचे आहे ते ठरवून मग सोड, असे सांगणारा माणूस आठवीतच हवा होता.

विशेष शाळांतल्या हस्तव्यवसायाची गत निराळी. पणत्या रंगवणे, मेणबत्त्या ओतणे, कागदी पाकिटे, खडू, पायपुसणी. ही कामे हाताला वळण लावतात, हे खरे. दिवाळीच्या आधी आपण सगळे प्रदर्शनात जातो, पणत्यांचा डबा घेतो आणि बरे वाटून घरी येतो. पण वर्षाचे उरलेले अकरा महिने त्या पणत्यांवर कोण जगणार? आपल्या आजूबाजूला जी कामे आज पैसे देतात ती वेगळी आहेत : औषधांच्या गोदामात माल लावणे, रुग्णालयातल्या चादरींच्या घड्या, उपाहारगृहाच्या भटारखान्यातली निवडटिपण, दुकानात मालाला किमतीच्या चिठ्ठ्या डकवणे, कागदपत्रांचे स्कॅनिंग. ही शिकवायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती गावातल्या दुकानदाराशी आणि डॉक्टरांशी ओळख, आणि मुलाला तेथे नेऊन उभे करणारा शिक्षक.

दुसरे कारण घरात आहे आणि त्याविषयी फार हलक्या आवाजात बोलले जाते. अपंग मुलाच्या आईबापांना एकच प्रश्न रात्री जागे ठेवतो, आमच्यानंतर याचे काय. त्याचे एक उत्तर त्यांना कागदावर मिळालेले असते. वडील सरकारी नोकरीत असले तर त्यांच्या पश्चात, स्वतः कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यातली अट नीट वाचा. कमावू न शकणाऱ्या. आता असा बाप मुलाला चार पैशांच्या कामाला पाठवील का? उद्या कोणी म्हणाले, हा तर कमावतो, तर? बँकेत निवृत्तिवेतनाच्या टेबलावर मी तीन वर्षे होतो. एका गृहस्थांनी मला खाजगीत विचारले होते, "साहेब, मुलगी घरी शिवणकाम करते. महिन्याला हजार-बाराशे मिळतात. ते कुठे लिहावं लागेल का?" त्यांच्या चेहऱ्यावर चोरी केल्यासारखा भाव होता. मुलीने शिवणयंत्र चालवले हा त्या घराचा आनंद असायला हवा होता.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांपुरता हा नियम बराच सैल केला. मुलाचे इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या साधारण कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या तीस टक्के आणि त्यावरील महागाई भत्ता यांच्यापेक्षा कमी असेल, तर हक्क जात नाही. चांगला बदल आहे. पण किती घरांना तो ठाऊक आहे? आणि निराधार योजनेच्या अनुदानावर अवलंबून असलेल्या गरीब घरांत उत्पन्नाच्या मर्यादेची धास्ती आजही तशीच आहे. आपली व्यवस्था या मुलांना सांगते, तू काही करू शकत नाहीस हे सिद्ध कर, मग तुला पैसे देऊ. त्याच वेळी दुसऱ्या तोंडाने ती कौशल्य विकासाची भाषणे करते. गरिबाला यांतले पहिले वाक्य खरे वाटते, कारण त्याखाली तहसीलदाराचा शिक्का असतो.

तिसरे कारण कचेरीत आहे, आणि त्याबद्दल बोलायचे तर मला माझ्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

१९९५ च्या कायद्यानंतर आमच्या शाखेत एक अंध टेलिफोन ऑपरेटर नेमला गेला. तिशीच्या आतला, पदवीधर. शेकडो खातेदारांचे आवाज तो नुसत्या 'हॅलो'वरून ओळखत असे. कोणाची मुदत ठेव कधी संपते, हे लेजर पाहण्याआधी त्याला विचारावे, अशी स्थिती होती. पुढे प्रत्येक टेबलावर थेट फोन आला आणि त्याचा बोर्ड मुका झाला. शाखेचे संगणकीकरण चालू असताना, २००४ च्या सुमारास, त्याने अर्ज केला की पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली मिळते, ती मला द्यावी, म्हणजे मी ग्राहकांच्या चौकशीचे काम करीन. तो अर्ज माझ्या टेबलावर आला. मी त्यावर लिहिले : 'तूर्त आवश्यकता नाही.' खाली सही केली.

मी दुष्ट माणूस नव्हतो. त्याच्याशी मी नेहमी चांगला वागलो. दुपारी त्याला माझ्या डब्यातले देत असे. मला वाटायचे की बिचाऱ्याला बसून पगार मिळतो आहे, उगाच त्रास कशाला. तो सात वर्षे न वाजणाऱ्या बोर्डासमोर बसला आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेला. निरोपाच्या दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, नोकरी दिलीत. काम तेवढं राहून गेलं." त्या वाक्याला उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही आणि आजही सुचलेले नाही. कायद्याने त्याला जागा दिली होती. कामाची काळजी मी घ्यायची होती.

बँकेतलीच दुसरी गोष्ट. कित्येक वर्षे अंध खातेदाराला आम्ही चेकबुक देत नसू, एटीएम कार्ड देत नसू. का, तर त्याची फसवणूक होईल. ही अर्थात आमची काळजी. त्याला कोणी विचारले नव्हते. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले की केवळ अंध आहे म्हणून चेकबुक, एटीएम, लॉकर यांपैकी काहीही नाकारता येणार नाही. आम्ही कुरकुरत सुरू केले. माझ्या उरलेल्या नोकरीत माझ्या शाखांमध्ये त्यामुळे एक रुपयाही बुडालेला मला आठवत नाही. आमची भीती आम्ही कधी तपासूनच पाहिली नव्हती.

येथे कोणी म्हणेल की ज्यांना पुढे जायचे ते जातातच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी गेली. दादरच्या अंध मुलींच्या शाळेत आणि पुढे झेवियर्स महाविद्यालयात त्या शिकल्या. २०१५ ची केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण होऊनही रेल्वेच्या लेखा सेवेने अंधत्वामुळे त्यांना घेतले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या सनदी अधिकारी झाल्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी, ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडल्यानंतर, आधी स्वतः सरकारी नोकरी केली आणि मग १९८४ मध्ये अपंगांसाठी संस्था उभारली. सिंधुदुर्गात अपंगांच्या हातांनी चालणारा काजू प्रक्रियेचा उद्योग सुरू केला. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन अनेक वाचकांच्या घरी असेल.

या दोघींपुढे मी नतमस्तक आहे. पण अशा कथा वाचून आपण एक चूक करतो. भिंत चढून गेलेल्या माणसाचे आपण इतके कौतुक करतो की तेथे दार का नाही, हे विचारायचे विसरतो. माझा भाचा लोकसेवा परीक्षा देणार नाही. त्याला सकाळी जायला एक ठिकाण हवे आहे, तेथे त्याची कोणीतरी वाट पाहायला हवी आहे आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात त्याचे म्हणून काही यायला हवे आहे. तुम्हा-आम्हाला यापेक्षा वेगळे काय हवे असते?

दार बसवणे फार खर्चाचे नाही. अमेरिकेत १९९० साली अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या कायद्यात एक गोष्ट आली : मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत शाळेने त्याच्या शाळेनंतरच्या आयुष्याचा लेखी आराखडा सुरू केलाच पाहिजे. त्यांच्याकडेही सगळे आलबेल नाही. पण निदान प्रश्न विचारायचा कोणी आणि कधी, हे तेथे ठरलेले आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर न घेता सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काम पाहावे, अशी कल्पना आहे. हे दहा दिवस ज्या मुलांना सर्वांत उपयोगी पडतील ती विशेष शाळांत आहेत. त्यांना दहा नव्हे, चांगले शंभर दिवस द्यायला हवेत.

माझ्या व्यवहारी डोक्याला सुचते ते इतकेच. मूल चौदा-पंधराचे झाले की शाळेत त्याची 'पुढची वही' उघडावी. तीत त्याला काय येत नाही यापेक्षा काय येते, हे लिहावे. डब्यांची झाकणे जुळवता येतात, ही नोंद कौतुकाची म्हणून निरोप समारंभात सांगायची नसून चार वर्षे आधी वहीत लिहायची आहे. दर वर्षी दोन-तीन ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस काम करून पाहावे. एकट्याने बस पकडणे, रस्ता ओलांडणे, सुटे पैसे मोजणे हा अभ्यासक्रमाचा भाग असावा. कारण नोकरी अनेकदा कामामुळे सुटत नाही, येण्याजाण्यामुळे सुटते. आणि काम मिळाल्यावर पहिले तीन महिने शाळेतले कोणीतरी सोबत असावे, मुलासाठी आणि तितकेच मालकासाठी. शाळा सोडल्यावर दोन वर्षे ती वही शाळेनेच सांभाळावी, आणि किती मुले कोठे आहेत हे वर्षातून एकदा विभागाने विचारावे. सस्पेन्स खात्याला एक तपासनीस मिळाला, तर निम्मे काम होईल.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी आहे. या जानेवारीत मी सुचवले की परत आलेली पुस्तके क्रमांकाप्रमाणे कपाटात लावायला भाच्याला घ्यावे. सभासद मंडळी सज्जन. लगेच म्हणाली, "येऊ द्या की, बसेल बिचारा. त्याचाही वेळ जाईल." मी म्हटले, वेळ घालवायला नाही, कामाला घ्यायचे आहे, आणि पगार द्यायचा आहे. त्यावर शांतता पसरली. दोन बैठका गेल्या. अखेर रोज तीन तास आणि महिना तीन हजार रुपये ठरले.

पहिला आठवडा वाईट गेला. त्याने सगळी पुस्तके रंगाप्रमाणे लावली. ग्रंथपाल बाई वैतागल्या. एक वाचक त्याच्यावर ओरडले, तर तो तासभर न्हाणीघरात कडी लावून बसला. मलाच वाटू लागले की आपण हे उगाच केले. शाळेतल्या एक निवृत्त शिक्षिका तीन आठवडे रोज त्याच्याबरोबर येत होत्या. त्यांनी त्याला रागावण्याऐवजी कपाटांकडे पाहिले. म्हणाल्या, "त्याचं चुकलं नाही. रंग ही त्याला दिसलेली खूण आहे. आपण आपली खूण त्याला दाखवलीच नाही." त्यांनी प्रत्येक फळीवर ठळक क्रमांक आणि त्याच रंगाची पट्टी चिकटवली, पुस्तकाच्या पाठीवरही तशीच. दोन दिवस लागले, खर्च दोनशे रुपये झाला. आता तो चुकत नाही. आणि गंमत म्हणजे आमच्या वृद्ध वाचकांनाही पुस्तके लवकर सापडू लागली.

पहिल्या पगाराच्या वेळी त्याचे खाते उघडायला मी त्याच्याबरोबर बँकेत गेलो. खिडकीपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून विचारले, "काका, यांना सही करता येते का?" प्रश्न त्याने मला विचारला. एके काळी मीही तसाच विचारला असता. मी म्हटले, "त्यालाच विचारा." भाच्याने फॉर्म ओढून घेतला आणि चौकटीत आपले नाव लिहिले, थोडे चौकटीबाहेर गेले. अधिकाऱ्याने आणखी एक फॉर्म दिला. दुसऱ्या वेळी बसले.

हे सगळे गोड झाले असे मला भासवायचे नाही. तीन हजारांत आयुष्य जात नाही. वाचनालयाचे अनुदान लांबले तर त्याचा पगार लांबतो. त्या दिवशी निरोप घेतलेल्या सातांपैकी उरलेली सहा मुले अजून घरीच आहेत. त्यांपैकी एकीचे वडील मला परवा रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुमचं बरं आहे, तुम्ही कमिटीवर आहात." त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ज्याचा मामा कमिटीवर नाही, त्याने काय करायचे, हाच तर प्रश्न आहे. काम मिळणे मामाच्या ओळखीवर अवलंबून असेल तर त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा निरोप समारंभ होतील. तुमच्या गावात, तुमच्या पेठेतही एखादी अशी शाळा असेल. तुमचे दुकान असेल, दवाखाना असेल, छापखाना असेल, गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय असेल. समारंभाला बोलावणे येईल तेव्हा जा, पण त्याआधी आताच एकदा जा. मुख्याध्यापिका बाईंना विचारा की यंदा किती मुले बाहेर पडणार आणि त्यांतल्या कोणाला काय येते. आमच्या बाईंना हा प्रश्न आजवर बाहेरच्या कोणी विचारला नव्हता. मी विचारला तेव्हा त्या कपाट उघडून वही शोधू लागल्या, आणि मग म्हणाल्या, "बसा ना, वेळ आहे ना तुम्हाला? एकेकाबद्दल सांगते."